दोन ठोकळ्यांचा कूलर

टेप शोधायचा कंटाळा आला, एवढंच खरं कारण. बाकीची कारणं मी नंतर बायकोसाठी रचली.

खाप्याहून सासरे, चंपतराव, राहायला येणार होते. तेही मे महिन्यात! जुना कूलर मी मोठ्या तोऱ्यात भंगारात देऊन बसलो होतो. आता खिडकीच्या मापानं नवीन पत्र्याचा कूलर बनवून घ्यायचा होता.

"अहो, टेप लावून खिडकी मोजा ना," श्वेता म्हणाली.

"काहून?" मी मोबाइल काढला. प्रताप नगरचं आमचं घर मी ठोकळ्यांच्या एका गेममध्ये हुबेहूब बांधलंय. (ऑफिसात बसून. साहेबांना वाटतं, मी फायली बघतो.) "गेममध्ये एक ठोकळा म्हणजे एक मीटर. आपली खिडकी दोन ठोकळे. साडेसहा फूट! झाला हिशोब."

पिंटू मिस्त्रीला फोनवर माप सांगितलं. त्यानं ते दोनदा विचारून घेतलं.

"साहेब, घरासाठीच बनवून राहिले ना? एवढा तर मंगल कार्यालयात लागते."

"सासरे येऊन राहिले," मी रुबाबात म्हणालो.

रविवारी पिंटूसोबत कूलर टेम्पोतून उतरला आणि माझं तोंडच उतरलं. खिडकी त्याच्या निम्मीसुद्धा नव्हती. मग आठवलं, गेममध्ये एका ठोकळ्याची खिडकी कोठडीसारखी दिसत होती, म्हणून शोभेसाठी मीच ती दुप्पट केली होती.

"आता काय करता? बाबा बसमधून उतरले!" श्वेता कडाडली.

घाबरून मी आणि पिंटूनं कूलर बाहेरून पुढच्या दारालाच लावला. दार पार बुजलं, पण आत हवा अशी सुटली की भिंतीवरचं कॅलेंडर उडालं.

चंपतराव मागच्या बोळातून, पाण्याच्या टाकीला खेटून, स्वयंपाकघराच्या दारानं आत गेले. श्वेता गेली. पिंटूही चहाला गेला. मी टाकीपाशी अडकलो.

"काहून वं, जावई आत येऊन नाही राहिले?" सासऱ्यांनी विचारलं.

"गेममध्ये मी आरामात जातो इथून!" मी ओरडलो.

"गेममधल्या माणसाले पोट नाही," श्वेता आतून म्हणाली.

कसाबसा मागे सरकून मी पुन्हा अंगणात, भर उन्हात आलो. तेवढ्यात चंपतरावांचा तृप्त आवाज आला, "जावयानं लय मस्त काम केलं बाप्पा!" मला खरंच भरून आलं.

"जावई," ते पुढे म्हणाले, "बाहेरच आहात तं कूलरमध्ये पाणी टाकून द्या. हवा गरम येऊन राहिली."