आकाशाची दुरुस्ती

भूमापन कार्यालयात बावीस वर्षे नकाशे रेखाटणाऱ्या त्या गृहस्थांनी कोणाच्याही शेताचा बांध कागदावर वीतभरसुद्धा सरकू दिला नव्हता. त्यामुळे मुलीसाठी आणलेल्या ताऱ्यांच्या नकाशात पूर्व दिशा डाव्या हाताला छापलेली पाहून त्यांचा जीव वरखाली झाला. नकाशात पूर्व उजवीकडे असते, हे कार्यालयातला शिपाईसुद्धा जाणतो! त्यांनी तत्काळ लाल शाईने पूर्व-पश्चिमेची अदलाबदल केली आणि प्रकाशकाला खरमरीत पत्र धाडले. (पत्रात 'अक्षम्य' हा शब्द दोनदा होता, तिसऱ्यांदा तो त्यांनी औदार्याने गाळला.)

जेवणे आटोपली आणि गावाबाहेरच्या त्या घराच्या अंगणात सतरंजी पडली. मुलीने सुट्टीच्या वहीत पहिले वाक्य आधीच लिहून ठेवले होते : 'माझ्या बाबांचा नकाशा कधीच चुकत नाही.' आता फक्त ताऱ्यांमधला विंचू सापडायचा होता.

"पश्चिमेला बघ," मांडीवरच्या नकाशात पाहत बाबा म्हणाले.

"तिथे काहीच नाही हो, बाबा."

"नीट बघ. नकाशात आहे म्हणजे असलाच पाहिजे."

पूर्वेला सिंहही हजर झाला नाही. गृहस्थांची मान अवघडली, विजेरी मंदावली. त्यांनी ढगांना दोष दिला. (ढग एकही नव्हता.) मुलगी वहीकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीने पाहू लागली.

शेजारी उताणी पडलेली पत्नी डासांशी झुंजत होती. "आणा तो कागद इकडे, वारा तरी घेते." नकाशा तोंडावर धरताच तिचा हात थबकला. तिने उत्तरेचे टोक ध्रुवाकडे वळवले. "अहो, तुम्ही खोडलेली पूर्व बरोबर पूर्वेलाच आलीये की! आकाश डोक्यावर, मग नकाशा मांडीवर कशाला?"

गृहस्थ निमूटपणे तिच्या शेजारी आडवे झाले. आग्नेयेला, झाडांच्या शेंड्यांवर, विंचू केव्हाचा येऊन बसला होता.

"बाबा, तो बघा!"

"बिचारा कधीची वाट बघतोय," पत्नी म्हणाली. "आणि ते पत्र टाकलंत?"

"टाकलं."

"साधंच ना?"

"रजिस्टर. पोचपावतीसह."

सकाळी त्यांनी हळूच वही उघडली. पहिले वाक्य मुलीने खोडले नव्हते. बाबांच्याच लाल शाईने, बाबांच्याच पद्धतीने काकपदाची खूण करून, तिने त्यात एकच शब्द घातला होता : 'माझ्या बाबांचा *जमिनीचा* नकाशा कधीच चुकत नाही.'