सुतकातली तीन पुस्तकं

कोणाच्या घरी कोणी गेलं, की आमच्या सोसायटीतले लोक पिठलं-भात नेऊन द्यायचे, चहाचा थर्मास न्यायचे, तरुण मुलं गाड्यांची सोय बघायची. टिपणीस काका तीन पुस्तकं न्यायचे.

अतिशयोक्ती करत नाहीये. माझ्या सासूबाई गेल्या त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात काका. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत कापडी पिशवी. भेटायला येणारी माणसं साधारण दोनच वाक्यं बोलतात. 'फार हाल झाले नाहीत ना?' आणि 'सुटल्या हो.' काका सतरंजीवर बसले, फोटोला हात जोडले आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "घरात वाचायला काय आहे?"

नवरा बिचारा गोंधळला. "ते गुरुजी घेऊन येणार आहेत," म्हणाला.

"ते गुरुजींचं झालं. तुमचं काय?" काकांनी पिशवीतून पुस्तकं काढून सतरंजीवर मांडली. एक कादंबरी, एक माहितीचं, एक लहान मुलांचं. आमच्या घरातलं सर्वांत लहान मूल तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतं. मी तसं सांगितलं, तर काका म्हणाले, "असू दे. पुस्तकाला सूतक नसतं." या उत्तराचा माझ्या बोलण्याशी काय संबंध, ते मला आजतागायत कळलेलं नाही. पण टीव्ही बंद, गोडधोड बंद, आणि आलेल्या प्रत्येकाला आजारपण पहिल्यापासून सांगायचं, अशा त्या दिवसांत ती तिन्ही पुस्तकं आमच्या घरात हातोहात फिरली हे खरं.

काका उरणकडच्या बंदरात कारकून होते. नवीन पनवेलहून रोज बसने जाऊन-येऊन जन्म गेला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी तोंडातलं बंदर काही सुटलं नाही. दिलेलं पुस्तक वाचून झालं का, हे ते 'माल उतरला का?' असं विचारायचे. पुस्तक पहिल्या काही पानांत पकड घेत नसेल तर 'कस्टमला अडकलंय'. आणि कोणी न वाचताच परत केलं तर 'सील तुटलेलं नाही' एवढंच म्हणायचे, पण बघायचे असे, की आपण चोरटं सोनं आणताना सापडलोय.

प्रत्येक पुस्तकाला जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर. नाव दिसलं की लोक 'हो हो, ऐकलंय याबद्दल' म्हणतात आणि ऐकलंय म्हणजे वाचलंयच असं धरून चालतात, ही काकांची तक्रार. म्हणून नाव झाकायचं. त्यामुळे आमच्या सोसायटीत पुस्तकं महिन्यांवरून ओळखली जायची. एप्रिल म्हणजे मिठागरातल्या सुईणीची कादंबरी. ऑगस्ट म्हणजे आपल्याकडची गिधाडं कुठे गेली त्याचं पुस्तक. जानेवारी म्हणजे स्वतःचं रेशनकार्ड काढायला निघालेल्या शेळीची गोष्ट. लिफ्टमध्ये दोन बायका 'मला बाई एप्रिलने फार रडवलं' असं बोलायला लागल्या, की नवीन भाडेकरू हळूच विचारायचे, एप्रिलमध्ये यांच्याकडे कोण गेलं?

आणखी एक नियम होता. अलीकडे वाचलेलंच पुस्तक द्यायचं. "शिळं वाढू नये," काका म्हणायचे. कॉलेजात असताना वाचून थोर वाटलेली पुस्तकं लोकांच्या गळ्यात मारणाऱ्यांचा त्यांना भयंकर राग होता.

या उद्योगात त्यांची एकदाच फसगत झाली. तळमजल्यावरच्या पाटलांच्या बाबतीत. पाटील मूळचे इथल्याच गावातले. जमिनी गेल्या, पैसा आला, तसे ते फ्लॅटमध्ये राहायला आले. त्यांच्या पंचाहत्तरीचा, गळ्यात झेंडूचा हार घातलेला फोटो कोणीतरी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली एक अक्षर नाही. पहिल्या माणसाने त्याखाली नुसते हात जोडले, म्हणून दुसऱ्याने जोडले, आणि दुपारपर्यंत अख्खी सोसायटी हात जोडून मोकळी झाली. काकांनी पांढरा शर्ट चढवला, पिशवी घेतली, खाली गेले. दार पाटलांनीच उघडलं. काकांचा शर्ट बघून त्यांना सगळं कळलं.

"आमी हाय अजून, टिपणीस," ते म्हणाले. "पन आनलीच हायेत तर द्या. मेल्यावर मला काय वाचाला भेटनार नाय."

वर्षभरात पाटील खरोखरच गेले. काका पुन्हा पिशवी घेऊन हजर. पाटलांच्या बायकोने डोळे पुसत सांगितलं, "त्यांची त्यांनी वाचली. आता माझी द्या."

पण एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत होती. पुस्तकं काका न्यायचे, तरी निवडायच्या मालतीकाकू. रोज दुपारी जेवणं झाली की काकू कॉटवर डोळे मिटून पडायच्या आणि काका शेजारी खुर्चीत बसून मोठ्याने वाचायचे. त्यांच्या वरच्याच मजल्यावर मी राहते, आणि मी शिकवते ती शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी कधी वाटीभर काही द्यायला गेले की मीही बसायचे. काकू डोळे न उघडता निकाल द्यायच्या. "हे चालेल." "हे त्या जोशांकडे नको, त्यांचा जावई गेलाय आणि यातला परत येतो." एकदा एका नावाजलेल्या कादंबरीला त्यांनी तिसऱ्या दिवशी बाहेर काढलं. "या लेखकाला दुसऱ्याच्या रडण्यात मजा वाटतेय," म्हणाल्या.

मुलांच्या पुस्तकाचा हट्टही त्यांचाच. त्यांना मूलबाळ नाही, त्यामुळे लोक त्याचा भलताच अर्थ लावून हळहळायचे. तसं काही नव्हतं. काकूंनी मला स्वच्छ सांगितलं होतं, "मुलांचं पुस्तक बसल्या बैठकीत संपतं गं. अर्धवट गोष्टीचा मला फार त्रास होतो."

गेल्या दिवाळीनंतर काकूंच्या पोटातलं दुखणं कॅन्सर निघालं. मुंबईच्या फेऱ्या झाल्या, केमो झाली, अंगावरची साडी ठरेना इतक्या त्या वाळल्या. उन्हाळ्यात डॉक्टरांनी 'आता घरीच ठेवा' म्हणून सांगितलं. त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. काकूंना सगळ्यांत आधी कळला.

त्या आठवड्यात काका नेहमीसारखे दुपारी नवीन कादंबरी घेऊन बसले, तर काकू म्हणाल्या, "नका सुरू करू. माझ्याच्याने पुरं व्हायचं नाही."

"होईल की."

"नाही व्हायचं. आणि मधेच सोडून जायला मला आवडणार नाही."

काका त्या वाक्याने पार ढासळले. काकू जाणार हे त्यांनी कसंबसं गिळलं होतं. पण दुपारचं वाचन थांबलं आणि त्यांना घरात बसायचं कसं, हेच कळेना. तासन् तास कॉटशेजारी नुसते बसायचे. अख्ख्या सोसायटीतल्या मरणांना पुस्तक पुरवणाऱ्या माणसाला आपल्या बायकोपुरतं एक सापडेना.

मग ते दारोदार फिरायला लागले. आजवर सगळ्यांना सांगणारा माणूस विचारायला लागला, "हल्ली काय वाचलंत?"

असा प्रश्न म्हणजे इन्कम टॅक्सची धाड. लोकांनी हाताला लागेल ते दिलं. एकाने शेअर बाजारात घाई करू नये, यावरचं पुस्तक दिलं. दुसऱ्याने पहाटे उठून आयुष्य बदलण्याचं. एका बाईंनी बेडरूमची दिशा कोणती असावी याचं दिलं आणि कॉट फिरवून बघा, असंही सांगितलं. काकांनी सगळी निमूट घेतली. काकूंनी एकेकाचं कव्हर बघितलं आणि पोट दुखत असतानाही हसल्या. मी कर्नाळ्याला येणाऱ्या पक्ष्यांवरचं एक देखणं पुस्तक नेलं. त्यांनी चित्रं पाहिली आणि मिटून ठेवलं. "यांचं बरं आहे. पुढच्या वर्षी पुन्हा येतील," म्हणाल्या. मी बाहेर आले आणि जिन्यात उभी राहून रडले.

दुसऱ्या दिवशी मी पोटमाळ्यावर चढून लेकीच्या लहानपणच्या पुस्तकांचं खोकं काढलं. त्यात कावळ्याची एक गोष्ट मिळाली. या कावळ्याला रस्त्यात एक चमचा सापडतो आणि तो चमचा कोणाचा, हे विचारत तो घरोघर फिरतो. बारीकसं पुस्तक. काकांनी नाव वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मरणाच्या दारात टेकलेल्या बाईपुढे कावळा?

"आणा हो," काकूच आतून म्हणाल्या. "याची आधीपासून ओळख झालेली बरी. पिंडाला शिवताना आढेवेढे घेणार नाही." मग काकांकडे वळून विचारलं, "आज संपेल?"

"आज संपेल," काका म्हणाले.

मी तिथेच होते. कावळा पहिल्या घरी गेला. शिंप्याचं घर. चमचा त्याचा नव्हता. काकांनी पुस्तक मिटलं. "घसा बसला. उरलेलं उद्या."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. मीही बघितलं. काकांचा घसा ठणठणीत होता. बंदरात क्रेनच्या आवाजावर ओरडून कमावलेला आवाज तो.

दुसऱ्या दिवशी एकच घर. तिसऱ्या दिवशी एकच. कधी चष्मा सापडायचा नाही, कधी कोणीतरी येणार असायचं. डॉक्टरांनी काकांना एकट्याला जेवढे दिवस सांगितले होते तेवढे उलटून गेले आणि काकू होत्या. दुखणं वाढत होतं, अन्न जात नव्हतं, मॉर्फिनने दिवसभर ग्लानीत असायच्या, पण दुपारी वाचनाच्या वेळी डोळे उघडायच्या आणि विचारायच्या, "यांचा तरी आहे का?" काकांची खात्रीच पटली, की हे कावळ्याचं काम. जिन्यात भेटले की मला सांगायचे, "फिरतोय अजून." वॉचमनसुद्धा विचारायला लागला, "काका, कौआ कहाँ तक पहुँचा?" मला ते ऐकून हसू यायचं, पण पुस्तकाची किती पानं उरली आहेत, ते मला ठाऊक होतं.

काकू गेल्या त्या सकाळी पुस्तकातलं एक घर शिल्लक होतं.

भेटायला मी रिकाम्या हाताने गेले. काकांना पुस्तक द्यायची माझी हिंमत झाली नाही. काका त्याच खुर्चीत बसले होते. कॉटवरची गादी काढलेली, नुसती फळी. मी शेजारी बसले.

काका म्हणाले, "मी लबाडी केली, वैशाली. आदल्या दिवशी ती नीट शुद्धीवर होती. म्हणाली, 'आज शेवट सांगा.' मी म्हटलं, 'उद्या.' ती म्हणाली, 'मी सांगू? तो चमचा कोणाचाच नसणार.' मी म्हटलं, 'उद्या कळेल.' चार पानं होती गं. मला वाटलं, शेवट ठेवला तर ती थांबेल."

ते रडत नव्हते. रडले असते तर बरं झालं असतं. उशाशी पडलेलं पुस्तक त्यांनी माझ्या हातात दिलं. "तू वाच. माझा आवाज लागत नाही."

यावेळी घसा खरंच बसला होता. मी वाचायला लागले. कावळा गावाच्या टोकाला, शेवटच्या घरी जातो. तिथे एक म्हातारी चूल पेटवत असते.

"इथे थांब," काका म्हणाले. "इथे ती विचारते."

मी थांबले. पंखा फिरत होता. खालून भाजीवाल्याची आरोळी आली. काकांनी मान हलवली, तेव्हा मी पुढे वाचलं. म्हातारी चमचा उलटसुलट करून बघते आणि म्हणते, माझा नाही रे बाबा. कोणाचाच नसेल. ठेव खाली आणि आलाच आहेस तर चार घास खाऊन जा.

गोष्ट तिथे संपते. मी पुस्तक मिटलं.

काका कॉटच्या फळीकडे बघत होते. "बरोबर होतं गं तुझं," ते म्हणाले.