रोपाच्या जागेतला गरम झरा

हवामानातलं मला कुणी शिकवू नये! कशेळ्याच्या या पट्ट्यात अकरा वर्षं रोज सकाळी साडेआठला पाऊस मी मोजलाय आणि माझ्या लेकीनं, सुरभीनं, तो वहीत लिहिलाय. पुढं ती शिकून पुण्याच्या हवामान संस्थेत लागली आणि वहीच्या जागी यंत्र आलं. अंगणात खांब, मातीत पुरलेली दांडी. मातीची ऊब, ओल आपोआप तिच्या टेबलावर. म्हणजे बापाला फोन करायचं कारणच मिटलं.

मार्गशीर्षात दांडी पुरायला आलेल्यांनी विचारलं, चांगली माती कुठली? मी छाती फुगवून भाताचं रोप टाकायची जागा दाखवली. त्याच जागेवर दर चैत्रात माझी बायको रोहिणी शेण-पाला रचून पेटवते, राब भाजते, हे काय सांगायचं? तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक हाय.

पाडवा उलटला. रोहिणीनं राब पेटवला. तासाभरात फोन! चार महिन्यांत पहिल्यांदा, आपणहून.

"बाबा, आपली माती एकाहत्तर डिग्री दाखवतेय. साहेब म्हणतात, गरम पाण्याचा झरा असेल. तिथं काय पेटवलंय का?"

धूर माझ्या नाकात. रोहिणी समोर काठीनं निखारे सारखे करतेय.

"नाय गं," मी म्हणालो. "तू येऊन बघ."

शिमग्याला रजा नव्हती, पाडव्याला नव्हती. बापानं बोलावलं की मीटिंग, माती तापली की जीप! दोन साहेब घेऊन चार तासांत हजर. तोवर मी घमेल्यानं राख ओढ्यात टाकून कोळशाच्या गोणीसारखा काळा झालो होतो. शेजारचा पोपट पंचा गुंडाळून आंघोळीला आलेला. खोटं एकटं पडू नये म्हणून झऱ्याची बातमी मीच गावात सोडली होती.

सुरभीनं उतरताच एकदा नाकानं हवा ओढली. सहावीपासून राबाचा पाला वाहिलाय तिनं.

"आई, राब भाजला का गं?"

"मग? सकाळीच."

साहेब हसायला लागले. पोपट पंचा सावरत घरी गेला. सुरभी जवळ येऊन हळू बोलली, "बाबा, नुसतं ये म्हणायचं."

"म्हणालो व्हतो. चार वेळा."

तिनं ओढणीनं माझ्या तोंडावरची राख पुसली. मग दांडी उपटून तिनंच लावलेल्या फणसाखाली पुरली आणि चहा अर्धा टाकून गेली.

आता तिथं राब भाजता येत नाय, फणस जळेल. विचार करून बघितलाय मी. पण यंत्र ओलही मोजतं. आणि वैशाखात फणसाला रोज चार हंडे पाणी घालणं हा काय गुन्हा हाय का?