काटे काढणारे तात्या

सटवाजीतात्यांच्या घरी मासा शिजला की जेवताना बोलायची मनाई. कुणी नुसतं खाकरलं तरी त्यांची बोटं थांबायची. "खोकायचं तर भाईर जाऊन खोक. हितं काटा निघायलाय."

तात्या सेलूच्या एका जिनिंगात काट्यावर होते, म्हणजे कापसाच्या गाड्या यायच्या त्या तोलायला. दिवसभर तो काटा आणि बाजाराच्या दिवशी संध्याकाळी हा. "माजा सारा जलम काट्यावर गेला," असं हसत सांगायचे, आणि आपण हसलो नाही तर पुन्हा सांगायचे.

मी राणीसावरगावाकडचा. आमची मेंढरं. तेव्हा शाळा उर्दूत; अलिफ-बे पुरी व्हायच्या आत ती सुटली आणि एकटाच सेलूला त्याच जिनिंगात कामाला आलो. कुणी जरा मोठ्यानं हाक मारली तरी वाटायचं, आता घरी जा म्हणतेत. तात्यांनी ओसरीवर पथारीला जागा दिली आणि पहिल्याच बाजारी ताटात दुधना नदीतला मासा वाढला. आमच्याकडं हाड म्हणजे हातात धरून चोखायचं. मी तसाच घास मारला आणि काटा घशात. तात्यांनी कोरड्या भाकरीचा घास गिळायला लावला, पाठीवरून हात फिरवला आणि माझं ताट स्वतःकडं ओढलं. "तू मेंढरं वळ. ह्ये तुजं काम न्हाई."

तेव्हापासून माझे काटे तेच काढायचे, डोळे मिटून. चिमटीत मांस दाबत दाबत जायचे. "डोळ्याला काटा दिसत न्हाई, बोटाला दिसतो." काटे ताटाच्या कडेला ओळीनं लावायचे, मांसाचा पांढरा ढीग माझ्यापुढं सरकवायचे, आणि मग स्वतःचं गार झालेलं जेवायचे.

बाजारातली मासेवाली त्यांना लांबून बघूनच म्हणायची, "आले काट्याचे सावकार. तात्या, आज मरळ न्या की. मधी एकच काटा, लेकरूबी खाईल."

"मग म्या काय करू? हात जोडून बसू?" असं म्हणून ते टोपलीतला सगळ्यात काटेरी मासा उचलायचे.

तात्यांना एकच लेक, गया. ती रांगत होती तेव्हाच तिची आई गेली. तात्यांनी तिला असेच घास चारून वाढवलं. सासर मिळालं ते माळकऱ्याचं. लग्नातच गळ्यात तुळशीची माळ आली, मासा-मटण बंद. तात्यांनी तिला जाणूनबुजूनच तिथं दिली होती. "घर लय चांगलं हाय," एवढंच म्हणायचे.

दिवाळीला गया माहेरी आली. आम्ही जेवायला बसलो. तिचं पिठलं-भाकरीचं ताट वेगळं, पण बसली मात्र तात्यांच्या डाव्या हाताला, तिच्या जुन्या जागेवर. तात्यांनी डोळे मिटले, काटे काढले, घास केला आणि डोळे न उघडताच तो डावीकडं तिच्या तोंडापाशी नेला.

गयाचा हात गळ्याकडं गेला. "आबा, माळ हाय."

तात्यांनी डोळे उघडले. घास तसाच अधांतरी. "हाव की," ते म्हणाले. "हाव की. इसरलो बघ."

गयानं त्यांचं मनगट धरलं आणि हळूच माझ्याकडं वळवलं. "भाऊला द्या."

सेलूत मला कुणी भाऊ म्हटलं नव्हतं. मी तोंड उघडलं. घास कुणाचा होता ते मला कळत होतं.

ती सासरी गेली आणि पुढच्या बाजारी तात्या मरळ घेऊन आले. "खा. एकच काटा हाय, तुजा तू काढ." हात मांडीवर ठेवून बसले. त्या दिवशी जेवताना आम्ही पहिल्यांदा बोललो. मेंढरं किती, पाऊस कसा, असंच काहीबाही. मला घास जाईना.

खरं तर बघून बघून माझ्याही बोटांना काटा दिसायला लागला होता.

त्याच्या पुढच्या बाजारी मीच आधी गेलो. टोपलीतला काटेरी मासा निवडला. मासेवाली म्हणाली, "बाबा, ह्यो कुणी खायचा?" घरी आणला, शिजवला, दोन ताटं वाढली आणि हात आवरून बसलो.

"खा की," तात्या म्हणाले.

"काटे काढता येत न्हाईत, तात्या."

"इतके दिस बघायलास. शिकला न्हाईस?"

"न्हाई."

तात्यांनी माझं ताट ओढून घेतलं, डोळे मिटले. "तुला ह्या जलमात यायचं न्हाई."

मी काहीतरी बोलायला गेलो.

"गप," ते म्हणाले. "काटा निघायलाय."