तीन संघांची अंतिम फेरी

चेंडू कोणालाही लाथाडता येतो. स्पर्धा भरवायला मात्र विचार करावा लागतो, आणि विचार नीट व्हायचा तर चेंडू काही काळ बाजूला ठेवावा लागतो. आमच्या ‘तीन सीमा चषक’ समितीने तो अकरा वर्षं बाजूला ठेवला. समितीचा चिटणीस या नात्याने मला याचा अभिमान आहे, तो इथे नोंदवून पुढे जातो.

आमच्या गोर्न्या बारा गावात चर्चच्या घंटेपर्यंत चढलं, की एकीकडे रुमानिया दिसतो, दुसरीकडे हंगेरी आणि पायाखाली आपला सर्बिया. (तिन्हीकडे मकाच.) तिन्ही देशांत एकेक गाव आणि गावागणिक एकेक फुटबॉल क्लब. आमचा ‘स्लोगा’, म्हणजे एकजूट. तो आजवर दोनदा फुटला. रुमानियातल्या व्हाल्या नोउआचा ‘व्हिइतोरुल’, म्हणजे भविष्यकाळ; खेळाडूंचं सरासरी वय एकेचाळीस. हंगेरीतल्या किशनादाशचा ‘हालादाश’, म्हणजे प्रगती; तीस वर्षं जिल्ह्याच्या शेवटच्या गटात शेवटून दुसरा. देश तीन, म्हणून स्पर्धा आंतरराष्ट्रीय, याबद्दल दुमत नाही. दुमत नसलेली ही एकच बाब.

पहिल्या वर्षी कसलाच विचार झाला नव्हता. एका रविवारी सगळे आमच्या मैदानावर जमले, खेळले, माशांचा लाल रस्सा भुरकला आणि आनंदात घरी गेले. चषक रुमानियन घेऊन गेले, कारण त्यांच्या गाडीची डिकी मोठी होती. एकाचीही तक्रार आली नाही, आणि व्यवस्थेत काहीतरी गंभीर दोष असल्याचं तिथेच आमच्या ध्यानात यायला हवं होतं.

तो दुसऱ्या वर्षी उघड झाला. आम्ही रुमानियनांना दोन-एक असं हरवलं, त्यांनी हंगेरियनांना दोन-एक आणि हंगेरियनांनी आम्हाला दोन-एक. गुण सारखे, गोल सारखे. नाणेफेक करावी तर नाण्याला बाजू दोनच. त्याच संध्याकाळी समिती स्थापन झाली. तिच्यात आमच्या क्लबाचा अध्यक्ष दोब्रिवोये, जो मधमाश्या पाळतो. व्हिइतोरुलचा अध्यक्ष कोर्नेल, जो औषधांचं दुकान चालवतो आणि ज्याला सगळे डॉक्टर म्हणतात. हालादाशच्या अध्यक्षा पिरोश्काबाई, ज्यांना नवऱ्यामागे खाटीकखाना आणि क्लब दोन्ही सांभाळावे लागले. आणि मी, तिहोमिर, भूमितीचा निवृत्त मास्तर. माणसं चार, मतं सरासरी सात. आमच्या भागात प्रत्येकाला तिन्ही भाषा कळतात, त्यामुळे गैरसमजाला वाव नव्हता. वाद लांबले ते समजून उमजून.

आधी यजमानपदाचा प्रश्न घेतला. यजमानाकडे सावली हवी, कपडे बदलायला खोली हवी आणि शौचालयाला दार हवं, असे निकष ठरले. आमचं मैदान उत्तरेकडे उतरतं, चेंडू सोडला की मक्यात जातो. रुमानियनांच्या गोलपोस्टवर करकोच्याचं घरटं, ते हलवता येत नाही. हंगेरियनांचं गवत उत्तम, पण दोन गोलपोस्टांच्या उंचीत एक वीत फरक. पाहणीशिवाय निर्णय नको म्हणून पाहणी दौरे सुरू झाले, आणि पाहणी उपाशीपोटी होत नसल्यामुळे प्रत्येक दौऱ्याला जेवण आलं. पहिल्याच दौऱ्यात दोब्रिवोयेने घरचं धुरावलेलं डुकराचं मांस बरोबर घेतलं आणि हंगेरीच्या सीमेवर ते जप्त झालं. पिरोश्काबाई म्हणाल्या, बरं झालं, खाटकाच्या घरी मांस घेऊन येणाऱ्याला अशी अद्दल हवीच.

अकरा वर्षांची आकडेवारी देतो: पाहणी दौरे चव्वेचाळीस, बैठका बासष्ट, ठराव एकशे आठ, सामने शून्य. समितीचं एकत्रित वजन त्रेपन्न किलोंनी वाढलं. हे कोर्नेलच्या दुकानातल्या काट्यावर मोजलेलं असून त्यात दुरुस्ती करण्याजोगं काही नाही.

स्वरूपाचा प्रश्न यजमानपदाहून खोल निघाला. परक्या मैदानावरचा गोल दुप्पट धरावा, ही सूचना दोन वर्षं चालली आणि मध्येच कोणीतरी विचारलं की तिसऱ्याच्या मैदानावर दोघं खेळले तर परका कोण. मग मोठ्या युरोपीय स्पर्धांनी गट मोडून छत्तीस संघांचा एकच लांब तक्ता केला, प्रत्येकाला आठ सामने दिले. कोर्नेल म्हणाला, जगाच्या मागे राहून चालणार नाही. आम्हीही एकच तक्ता केला. प्रत्येकाला आठ सामने. प्रतिस्पर्धी दोनच असल्यामुळे प्रत्येकाशी चार. पहिले दोन संघ थेट अंतिम फेरीत. तिसऱ्यावर अन्याय नको म्हणून त्याला पात्रता फेरी. तिच्यात दुसरा संघच नसल्याने तीही तो जिंकणार. अशा रीतीने अंतिम फेरीला तीन संघ आले. काटेकोर विचाराची हीच गंमत आहे: निघालो होतो तिथेच पोचलो, पण बारा सामने जास्तीचे मिळवून.

तीन संघांचा अंतिम सामना चौकोनी मैदानावर होत नाही. मी समभुज त्रिकोणाचं मैदान आखलं, तीन कोपरे, तीन गोल. चाळीस वर्षं पोरांना भूमिती शिकवून तिचा उपयोग काय असं विचारणाऱ्यांना ते उत्तर होतं.

आता स्वेतोझारविषयी. हा आमचा गोलकीपर, धंद्याने सुतार. समिती झाली तेव्हा पस्तिशीचा होता. डाव्या गुडघ्याने तेव्हाच साथ सोडायला घेतली होती. बायकोला, देसांकाला, त्याने शब्द दिला होता की एक चषक पूर्ण खेळतो आणि मग हातमोजे खुंटीला टांगतो, मग तुला समुद्र दाखवतो. देसांका टपाल वाटते. तीन गावांची पत्रं नेली-आणली, पण समुद्र तिने पाहिला नव्हता. दर वसंतात स्वेतोझार मैदानाला फेऱ्या मारायचा, गुडघ्याला कोबीचं पान बांधायचा आणि माझ्याकडे येऊन विचारायचा, काही ठरलं का. मी सांगायचो, ठरण्याच्या बेतात आहे. हे मी त्याला अकरा वेळा सांगितलं आणि प्रत्येक वेळी खरं मानून सांगितलं. तो मान हलवायचा आणि परत फेऱ्या मारायचा. गावात लोक म्हणत की शब्द देणारा माणूस असावा तर असा. शब्द पाळायची वेळच येऊ न देणाऱ्यांबद्दल कोणी काही म्हणत नसे.

गेल्या सप्टेंबरात बासष्टावी बैठक पिरोश्काबाईंच्या दुकानामागच्या खोलीत भरली होती. त्रिकोणी मैदानात ऑफसाइड कोणत्या बाजूने मोजायचा, हा विषय. दुपारी दोनच्या सुमाराला देसांका सायकलवरून आली. पासपोर्ट अंगरख्याच्या खिशात, टपालाची पिशवी पाठीला. ती दारात उभी राहून माझी त्रिकोणाची आकृती बराच वेळ बघत होती. मग तिने मला विचारलं,

“मास्तर, तिन्ही संघांत मिळून खेळणारी माणसं किती आहेत आता?”

एकशे आठ ठरावांत हा मुद्दा राहून गेला होता.

देसांकाला उत्तर माहीत होतं. कोणाची पत्रं कुठून येतात हे टपालवालीला कळतंच. तिने बोटांवर मोजून दाखवलं. आमचे चौघं व्हिएन्नात भिंती रंगवतात, दोघं म्युनिकला ट्रक चालवतात, उरले नऊ. व्हिइतोरुलचा अख्खा बचाव इटलीत म्हाताऱ्यांची शुश्रूषा करतो, उरले सात. हालादाशचे आठ, त्यांतला एक गोलकीपर. अकरा त्रिक तेहेतीस, आमच्याकडे चोवीस. स्पर्धा तीन संघांची होती आणि माणसं दोन संघांची.

पिरोश्काबाईंनी सुरी पुसून बाजूला ठेवली. कोर्नेलने चष्मा काढला. मी माझा त्रिकोण गुंडाळला, कारण त्याच्याकडे बघवेना.

पण समिती हे एक जिवंत शरीर आहे. अर्ध्या मिनिटात दोब्रिवोये सावरला आणि म्हणाला की मग दोन संघ करू, पण देशानुसार वाटणी होत नाही, तेव्हा वाटणीच्या तत्त्वासाठी एक उपसमिती नेमावी. दोब्रिवोये देसांकाच्या लग्नात साक्षीदार उभा होता. अशा माणसाला आमच्याकडे कूम म्हणतात, भावापेक्षा जवळचा, म्हणून त्याला ती काहीही बोलू शकते.

“कूम, उपसमिती राहू द्या,” ती म्हणाली. “लग्न झालेले एकीकडे, न झालेले दुसरीकडे. द्राक्षं उतरली की येणाऱ्या रविवारी, आपल्या मैदानावर. जेवण तुमच्याकडे.”

मोजलं तर लग्नाचे तेरा निघाले आणि बिनलग्नाचे दहा. व्हाल्या नोउआचा एक जण घटस्फोटित होता, आणि त्याची वर्गवारी काय यावर कोर्नेलने नियमावली उघडली. पिरोश्काबाई म्हणाल्या, “त्यालाच विचारा डॉक्टर, कुठे बरं वाटतं ते.” त्याला बिनलग्नाच्यांत बरं वाटलं. अकरा पुरे झाले.

रविवारी आमच्या उतरत्या मैदानावर तीन गावं लोटली. पंच कोणत्या देशाचा हा प्रश्न उभा राहण्याआधीच पिरोश्काबाईंनी शिट्टी तोंडात घातली. स्वेतोझार कपडे बदलायच्या खोलीत एकटाच बसून गुडघ्याला पट्टी गुंडाळत होता. मी डोकावलो. म्हणाला, मास्तर, अकरा वर्षं सराव केलाय, आता विसरलो असेन तर काय करू.

तो विसरला नव्हता. सेहेचाळिसाव्या वर्षी जेवढं अडवता येतं तेवढं त्याने अडवलं, बाकीचं आत जाऊ दिलं. उताराकडे मारलेले चेंडू मक्यात जायचे आणि दोन्हीकडचे बचावपटू बरोबरच शोधायला जायचे. एकदा त्यांतले चौघं कणसं खातच परतले. लग्नवाल्यांनी चार गोल केले, बिनलग्नाच्यांनीही चार. शेवटच्या मिनिटाला पिरोश्काबाईंनी पेनल्टी दिली. कशाबद्दल हे त्यांनी आजवर सांगितलेलं नाही. मारायला आला कोर्नेलचा पुतण्या, अंगाने बैलासारखा. स्वेतोझारने उडी मारली ती चुकीच्या बाजूला, पण चेंडू गोलपोस्टला लागून उलटला आणि त्याच्या पाठीवर आदळून बाहेर गेला. तो गवतात पालथा पडून हसत राहिला. देसांका पळत आली, तिला वाटलं रडतोय.

मग तो उठला, तोंडाची माती पुसली, आणि एकदम गंभीर झाला. त्याला शब्द आठवला होता. तो थेट आमच्या टेबलाकडे आला, देसांका त्याच्या मागे.

“मास्तर,” त्याने विचारलं, “हा चषक होता का?”

अकरा वर्षांत समितीपुढे आलेला हा पहिला खरा प्रश्न. होता म्हणावं तर हातमोजे आज खुंटीला. चौघांनी एकमेकांकडे बघितलं. संघ एका देशाचे नव्हते, स्वरूप मंजूर नव्हतं, पंचाची नेमणूक नव्हती. वीस सेकंदांत, सर्वानुमते, चर्चेविना ठराव झाला की सदर सामना हा चषक नव्हता, तो झालाच नव्हता, आणि झालेला नसल्यामुळे दरवर्षी घ्यायला हरकत नाही.

मी भीतभीत देसांकाकडे पाहिलं. ती माझ्या कानाशी वाकली. “छान,” म्हणाली. “मग खऱ्या चषकाचं काम असंच चालू ठेवा, मास्तर. घाई नको.”

पुढच्या आठवड्यात ती नवऱ्याला घेऊन माँटेनेग्रोला समुद्र बघून आली. समुद्राला आमची मंजुरी लागत नाही.

समितीचं काम जोरात आहे. आमची कीर्ती पसरल्यापासून सूचनांची पत्रं येतात, देसांका पिशवी भरून आणते. कोणी चौथा संघ घ्या म्हणतं, कोणी गोलफरक, कोणी चिठ्ठ्या. आजवर एकशे सत्तर आली. तुम्हीही हे वाचताना मनात एकदा तरी म्हणालातच की, अहो, साधं आहे, असं करायचं. लिहून पाठवा, नोंद घेतली जाईल. फक्त एक अडचण आहे: लग्नवाल्यांचे दोन राखीव गेल्या महिन्यात जर्मनीला गेले, आणि एकशे सत्तर पत्रांत ‘मी खेळायला येतो’ असं लिहिलेलं एकही पत्र अजून सापडलेलं नाही.