पिवळी ठिणगी म्हंजे कावीळ

मरायच्या आदल्या दिवशी आमची वच्छला अंगणात फटफटीजवळ उकिडवी बसली होती, हातात प्लग धरून. मी किक मारून राह्यलो होतो. डोळे बारीक करून म्हणे, "पिवळी पडली ठिणगी. कावीळ झाली हिले."

लोकाईच्या बायका नवऱ्याचे पाय दाबतात. माह्या बायकोनं चाळीस वर्षं प्लग धरला.

फटफटी लग्नानंतर दुसऱ्या साली घेतलेली, दोन सायलेन्सरवाली. मागं वांग्याची पोती बांधाची, त्याच्यावर वच्छला, अन् वर्ध्याच्या बाजारात. पण या जुन्या गाडीत करंट नसला तर ते नुसतं लोखंड. मंग प्लग काढाचा, इंजिनाले टेकवून धराचा, अन् दुसऱ्यानं किक माराची. ठिणगी निळी पडली तर गाडी ठीक. वरून किक मारणाऱ्याले ते दिसत नाई, म्हणून माणसं दोन लागतात.

मी चौथी शिकलो, ती दुसरी. पण तिचा तपास डॉक्टरचा. प्लग ओला निघाला तर सर्दी. ठिणगी पिवळी तर कावीळ. ठिणगीच नाई, तर पह्यले वायर पाहाची, मंग कॉइल, मंग बाजूचं झाकण खोलून पॉइंट. मी मधातच चिडून गाडीले लाथ घालो. ती मान वर न करता म्हणे, "आधी करंट पाहा, मंग शिव्या द्या." हे तिनं सगळीकडे वापरलं. आमचा गजू दहावीत नापास झाला, मी पट्टा काढला, तर मधात येऊन हेच. अन् आधी पोराचा चष्म्याचा नंबर काढाले लावला. नंबर निघालाही.

पॉइंट म्हंजे दोन बारक्या टिकल्या. उघडतात, मिटतात, काजळी धरतात. त्या घासून मधात जाड कागद घालून पुसा लागतात. तिले त्याच्यासाठी लग्नपत्रिकाच लागे. पत्रिका आली का नाव नाई वाचाची, आधी चिमटीत धरून जाडी पाहे. "लोक बरे दिसतात. जाऊ या लग्नाले." पातळ पत्रिका आली का तिचं डोकं दुखे.

एकदा हिंगणघाटच्या लग्नाले निघालो अन् भर रस्त्यात गाडी बंद. नवं लुगडं खोचून बाई डांबरावर बसली. दुसरा कागद नाई, म्हणून त्याच लग्नाच्या पत्रिकेचा कोपरा कापला, पॉइंट पुसले, गाडी लागली. गावात पोचून पाहतो तर मंगल कार्यालयाचं नाव नेमकं त्या कोपऱ्यावर, अन् कोपरा ऑइलनं काळा. जिथं बँड वाजून राह्यला होता तिथं घुसलो. आहेर देला, जेवलो, मी दोनदा जिलबी घेतली. मंग नवरी पाया पडाले वाकली, तिनं तोंड वर केलं, तर ती कोण अन् आमी कोण! वच्छला बिलकुल हालली नाई. "सुखी राह्य बाई," म्हणे, अन् मले हळूच, "निंगा आता."

कधी झटका बसला का तिचा दुसरा हात सरळ माह्या पाठीत.

"करंट तुले बसला, मले काऊन मारतं?"

"मंग काय शेजाऱ्याले मारू?"

मागच्या साली गजूनं इलेक्ट्रॉनिक कीट आणली. पॉइंट काढून फेकाचे, घासाची झंझटच नाई. तिनं ती कीट उचलून आतमंदी ठेवून देली. "ज्याच्यात घासाले काई नाई, त्याचा भरवसा काय?" मी म्हटलं, बुढीचं डोकं फिरलं.

मंग ती गेली. सकाळी चहा मांडता मांडता खाली बसली, अन् बसलीच.

तेरवी झाली, पाहुणे गेले. घरात मी, गजू अन् सून वैशाली. मी फटफटी बाहेर काढली. वीस किका मारल्या, तीस मारल्या. ठिणगी पाहून रोग सांगणारं कोणी नाई, तर लागन कशी? गाडी नाई तर बाजार नाई, अन् बाजार नाई तर मी नुसता खाटेवर.

गजू म्हणे, "बाबा, आता तरी कीट बसवू द्या. एकट्यानं लागाची नाई हे तुमच्याच्यानं."

मी हो म्हटलं. वैशालीनं कीट आणून देली अन् तिथंच उभी राह्यली.

"बाबा, एक सांगू का? आईले झटक्याचं लय भेव वाटे."

"तिले? भेव?"

"हो. पण म्हणत, गाडी बंद पडली का तुहे सासरे अर्धा घंटा माह्याशी बोलतात. लागली का मंग गप. कीट बसली तर बोलतीन कवा?"

गजू पाने घेऊन बसला, संध्याकाळपर्यंत काम झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी एका किकेत लागली. जराशी ऐकली अन् बंद केली.

आत गेलो. वैशाली मेथी निवडत होती. तिच्या लग्नाले सहा वर्षं झाली, मी कधी तिच्यासमोर बसलो नव्हतो. पाट ओढला अन् बसलो. ती दचकून उठाले लागली.

"काई पाहिजे का, बाबा? चहा मांडू?"

"नाई. बस."

आता बोलाचं काय, ते सुचेना. मेथीची एक काडी उचलली, तिचे पानं तोडले. दुसरी उचलली.

"तुह्या माहेरी," म्हटलं, "गाडी कोणती हाये?"