काळ्या पट्ट्यांचा बंदोबस्त

विकत आणलेल्या वस्तूचा कोपरान्‌कोपरा वापरणे हे गृहस्थाचे आद्य कर्तव्य होय. पिंप्राळ्याचे रतिलालनाना या कर्तव्याला कधी चुकले नाहीत. त्यांची उभी हयात रावेरात केळी खोक्यात भरण्यात गेली. खोक्यात मोकळी जागा राहिली की माल आपटतो, काळा पडतो. म्हणून फणी मावली नाही तर कडेची केळी कापायची (ती गाईला), पण खोकं गच्च भरायचं.

त्यामुळे नव्या टीव्हीवर नातीचा कार्टून सिनेमा लागला आणि चित्राच्या वर-खाली काळ्या पट्ट्या दिसल्या, तेव्हा नानांना निदान करायला वेळ लागला नाही.

"माल काळा पडला! डिंपल, हे काळं काहाले ठेवलं?"

"नाना, चित्रच रुंद आहे. सगळं दिसावं म्हणून..." सून म्हणाली.

"मी टीव्ही पूर्ण आनला. पट्ट्या पाहाले नाही आनला." नानांनी रिमोटवर ‘फुल’ दाबलं.

पट्ट्या गेल्या. चित्र गच्च बसलं. कडेची केळीही गेली, म्हणजे बदकांच्या रांगेतलं शेवटचं लंगडं पिल्लू. अडचण एवढीच, की तीन वर्षांची मनू त्या पिल्लासाठीच तोंड उघडायची. पिल्लू आलं, आ झाला, वरणभात आत, अशी व्यवस्था डिंपलने मोठ्या मिनतवारीने बसवली होती. (व्यवस्था पार पडल्यावर डिंपलने जेवावे, असे पोटकलम होते.) आता पिल्लू येईना, तोंड उघडेना.

बैठक बसली. अध्यक्ष नाना. सचिव त्यांचा मुलगा जितेंद्र, कारण त्याला मत नव्हतं. आतल्या खोलीतला जुना टीव्ही शेजारी मांडून दोन्ही आवृत्त्या एकदम लावल्या. पट्ट्यांसकटच्या ‘वाइड’मध्ये हत्ती नदीकाठी उभा होता. ‘फुल’मध्ये हत्तीच होता, नदीची सोय नव्हती. ‘वाइड’मध्ये हत्ती आणि बेडूक गप्पा मारत होते. ‘फुल’मध्ये इकडे सोंडेचं टोक, तिकडे बेडकाचा एक डोळा, आणि मधलं गवत बराच वेळ फार कळवळून बोललं. नानांना गवताचं काम आवडलं.

"हत्ती कसा भरला ते पाह्य!"

"लेकरू उपाशी आहे, तुमचं फुल काय चाटू?" नानांच्या पत्नी इंदिराबाई कडाडल्या.

डिंपलने भिंतीवरचा फोटो उतरवून नानांच्या हातात दिला. मनूच्या जावळाच्या दिवशीचा, अख्ख्या घराचा. नानांनी पसंत केलेल्या फ्रेममध्ये मावेना, म्हणून फ्रेमवाल्याने दोन्ही कडा कापलेल्या. कसा गच्च बसला, असं नाना आजवर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आले होते. आज त्यांनी कडेला उभ्या असलेल्या स्वतःला पाहिलं. मग हात वर नेऊन चाचपलं.

"माहा कान कुठी गेला?"

"गाईला," डिंपल म्हणाली.

‘वाइड’ एकमताने मंजूर झालं. काळ्या पट्ट्यांना कुटुंबात रीतसर दाखल करून घेण्यात आलं. पिल्लू लंगडत लंगडत आलं आणि मनूने एवढा मोठा आ केला की सोबत सचिवांनीही केला. इंदिराबाईंनी टाळ्या वाजवल्या. फोटो परत खिळ्यावर गेला.

त्या फोटोच्या दुसऱ्या कडेला एका हाताचं नुसतं कोपर उरलं आहे. आत चहा ठेवून धावत येऊन सगळ्यांत शेवटी उभ्या राहिलेल्या कुणाचं तरी. त्याबाबत अद्याप तक्रार प्राप्त नाही. वाचकहो, मनू जेवली म्हणून तुम्हीही आत्ता निश्चिंत झालात. तुमच्याही भिंतीवर असा एक फोटो असेलच. कडेच्या कोपराची ओळख पटली, तर तेवढी तिला जेवायला हाक मारा.